पडलेल्या फुलाचा नेम

फळ पडलं ते अनघाच्या पावलापासून हातभर अंतरावर.

आषाढातली सकाळ होती. पाऊस नुकता उघडला होता आणि चंद्रमौळेश्वराच्या आवारात फरश्यांवर पाणी साचलं होतं. माझी सून अनघा कैलासपतीच्या झाडाच्या पाराजवळ उभी राहून छत्री मिटत होती. मी तिच्या जरा मागे, वाकून खाली पडलेलं फूल शोधत होते. वर काहीतरी करकरलं म्हणून मान उचलली, तर खोडाला लोंबणारा एक तपकिरी गोळा हलत होता. वारा नव्हता. तिला हाक मारायची होती. तोंड उघडलंही असेल मी. पण त्या वेळी माझं मौन असे, आणि इतक्या वर्षांची सवय अशी, की आवाज गळ्याच्या खालीच राहिला.

धप्प!

पारावर आपटून फळ फुटलं. आतला पांढरा गर हवा लागताच निळसर पडत गेला आणि असा वास सुटला, की बंद घरात मेलेल्या उंदराची आठवण व्हावी. अनघा दोन पावलं मागे सरली, पोटावर हात ठेवला आणि मग हसायलाच लागली.

"बाई गं! आई, हे डोक्यात पडलं असतं तर प्रसादला दुसरी बायको बघायला लागली असती की हो!"

गाभाऱ्यातून गुंडू गुरव धावत आला. "वैनी, लागलं न्हाई न्हवं? देवानं राखलं बगा!"

"देवानंच टाकलं आणि देवानंच राखलं. भारी काम आहे तुमच्या देवाचं," अनघा म्हणाली.

मी फूल उचललं, आत गेले, पिंडीवर वाहिलं, हात जोडले. बाहेर आले तेव्हा पहिला शब्द तोंडातून निघाला, "घरी चल."

"आई, तुम्ही ते पडताना बघितलंत ना?" वाटेत तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं माझा हात तेवढा धरला.

माझा नेम सांगायला हवा. उठल्यापासून चंद्रमौळेश्वराला कैलासपतीचं फूल वाहीपर्यंत बोलायचं नाही, आणि फूल तोडायचं नाही. झाडानं आपण होऊन जमिनीवर टाकलेलं असेल तेच घ्यायचं. हे आजारी पडले त्या वर्षी मी हा नेम धरला. हे काही राहिले नाहीत. मागणं संपलं, पण नेम सुटला नाही. सकाळी देवाच्या आधी कुणाशी बोलायचं नाही, एवढं एकच मला त्या दिवसांत धरता येत होतं. ते धरून ठेवलं.

मग अनघा घरात आली. दोनदा तिची कूस उजवायची आशा लागली आणि दोनदा विझली. दुसऱ्या वेळी मला ताप होता आणि दोन दिवस देवळात जाणं झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी अनघाला दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी कारणं सांगितली, प्रसादनं ती समजून घेतली, मला कुणी काही म्हणालं नाही. मी मात्र मनाशी गाठ मारली. या खेपेला दिवस राहिल्याचं कळलं त्या संध्याकाळी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला, की बाळ हातात येईपर्यंत नेमात खंड पडू देणार नाही. अनघाला यातलं काही सांगितलं नाही. तिनं हसून टाकलं असतं. नाहीतर रडली असती.

फळ पडलं तेव्हा तिला पाचवा महिना होता.

हे झाड आमच्या नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी लावलेलं. नाना गावातल्या शाळेत चित्रकला शिकवायचे. मुंबईच्या एका बागेतून बिस्किटांच्या डब्यात रोप घेऊन आले आणि देवळाच्या दारासमोर, नदीकडच्या अंगाला लावलं. आमच्या भागात असलं झाड कुणी पाहिलेलं नव्हतं. याची फुलं फांद्यांना येत नाहीत, थेट खोडातून दोरखंडासारखे देठ फुटतात आणि त्यांना लागतात. गुलाबी-लाल, जाड पाकळ्यांची. मधोमध इवलीशी पिंड आणि तिच्यावर नागानं फणा धरलेला. पहिलं फूल आलं तेव्हा अख्खं गाव लोटलं होतं. गुंडूच्या वडिलांनी झाडाला दंडवत घातला होता.

नाना बाजूला उभे राहून मिशीत हसत होते. मला म्हणाले, "शरयू, हे मूळचं कुठलं ठाऊक आहे? समुद्रापलीकडचं. दक्षिण अमेरिकेतल्या सखल रानातलं. तिथे बारा महिने पाऊस, सूर्य जमिनीपर्यंत पोचत नाही. आणि ही फळं तिथली रानडुकरं खातात."

"असं देवळात बोलू नये, नाना."

"का? डुकरं देवाचीच." मग म्हणाले, "दोन गोष्टी लक्षात ठेव. याची तहान मोठी आहे, पण पायाशी काही बांधू नका. आणि एक आहे. रानात झाडाला झाड खेटून असतं, एकमेकांच्या आधारानं वाढतात. याला एकट्यानं उभं राहायची सवय नाही. म्हणून जरा लक्ष असू दे."

नाना गेले. मी लक्ष ठेवलं, म्हणजे रोज पाहत राहिले. पाहणं सोडून माझ्या हातात काय होतं?

देवस्थानाच्या पंचांत अण्णा मगदूम प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी आवाराचा कायापालट करायचं मनावर घेतलं. माणूस मनानं चांगला. देवळाचा एक पैसा खाणार नाही आणि कुणाला खाऊ देणार नाही. त्यांनी कैलासपतीला दगडी पार बांधला, चांगला कमरेएवढा. आत भराव घालून वर संगमरवरी फरशी बसवली. झाडाचा बुंधा तेवढा मातीखाली गेला. खालच्या अंगाला फुटणारे फुलांचे देठ आता फरशीतूनच वर आल्यासारखे दिसू लागले, आणि बायकांना वाटलं, जमिनीतून नागच वर येतोय. सोमवारी तिथे दूध घालायला सुरुवात झाली. पुढे पंचामृत आलं. फरशीला बुंध्याभोवती गोल फट ठेवली होती, तिच्यात सगळं जायचं. तांब्यामागून तांबे ओतले तरी काठावर थेंब येत नसे.

"पितोय बगा," गुंडू कौतुकानं सांगायचा. "किती बी घाला. समदं पितोय."

आषाढात ते फळ पडल्यावर अण्णा आमच्या घरी आले. ओशाळले होते.

"काकू, सूनबाईंना काही झालं असतं तर मी तोंड दाखवलं नसतं. आजच जाळी मारून घेतो वर. एक फळ खाली येणार नाही."

"अण्णा, फळ पडलं ते पारावर," मी म्हटलं. माझा आवाज मुळातच बारीक. समोरच्याला पुढे झुकावं लागतं. "आवाज वेगळा आला. आत काही नसल्यासारखा."

"भराव बसला असेल जरा. गवंड्याला सांगतो."

जाळी आली. बळकट, निळी, वरच्या फांद्यांच्या खालून ताणून बांधलेली. बुंध्याजवळची फुलं तेवढी जाळीच्या खाली राहिली. ती पडत, आणि माझा नेम चालत राहिला. गवंडीही आला. नदीकडच्या अंगाला पाराच्या फरशीत एक चीर गेली होती ती त्यानं सिमेंटनं बुजवली. आठवड्याभरात चीर परत आली, त्याच जागी. त्यानं पुन्हा बुजवली. फरशीच्या सांध्यातून पांढऱ्या अळंब्या उगवल्या, पानाएवढाल्या, एकावर एक. गुंडूनं त्या ओरबाडून काढल्या नाहीत. हळदकुंकू वाहिलं.

कैलासपती वर्षातून दोन-तीनदा सगळी पानं टाकतो आणि आठवड्याभरात पुन्हा हिरवागार होतो. त्या वेळी पानं गळली आणि नवी पालवी देवळाकडच्याच बाजूला फुटली. नदीकडच्या फांद्या तशाच राहिल्या. त्यांच्यावर कावळाही बसत नव्हता. मी रोज सकाळी मान वर करून बघायचे आणि खाली वाकून फूल घ्यायचे.

आणि मग श्रावणात झाड फुललं. फुललं म्हणजे काय सांगू! इतक्या वर्षांत तसं कधी पाहिलं नव्हतं. मातीपासून पार उंच, जाळीपर्यंत, खोडाची साल दिसेना. पहाटे फुलांच्या वासानं डोकं जड व्हायचं. शेजारच्या गावांतून गाड्या भरून लोक येऊ लागले. कुणीतरी सांगितलं, हे फूल ओटीत घेतलं की मूल सुखरूप होतं. बायका पदर पसरून उभ्या राहू लागल्या. अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काकू, देव जागा झाला आपला."

"अण्णा, माझं ऐका. झाड कुणाला तरी दाखवा. एका अंगाला पान नाही आणि दुसऱ्या अंगाला असलं फुलणं... मला बरं वाटत नाही."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुम्ही म्हणताय हे? इतक्या वर्षांच्या नेमाच्या तुम्ही! लोक तुमच्याकडे बघून देवळात येतात, काकू. शंका तुम्हीच काढायची?"

गुंडू बाजूलाच उभा होता. "आक्का, देवाच्या दारातलं झाड हाय. पडंल कसं?"

मी घरी निघाले. त्यांचं म्हणणं खरंही वाटलं. मी रोज त्याच झाडाचं फूल घेऊन त्याच देवाकडे या बाळासाठी काही मागत होते, आणि त्याच झाडाचं वाईट बोलत होते.

शेवटच्या श्रावणी सोमवारी अण्णांनी ओटीचा कार्यक्रम ठरवला. गावातल्या गरोदर बायका पारावर, झाडाच्या पायाशी बसवायच्या, झाडाला दुधाचा अभिषेक करायचा आणि एकेकीच्या ओटीत कैलासपतीचं फूल घालायचं. अनघाचं नाव पहिलं. आषाढात देवानं तिला राखलं होतं ना!

"मी नाही म्हणणार नाही," अनघा म्हणाली. "सगळ्या जमणार आहेत, जरा मजा येईल. घरात बसून कंटाळले. आणि आई, तुम्हाला बरं वाटेल."

मी म्हटलं, "देवळाच्या दारात बस. पारावर नको."

"का हो? फळं तर सगळी जाळीत आहेत."

चीर, अळंबी, पानं... एकेक सांगितलं की ते एवढंसंच वाटायचं.

सोमवारी मी नेहमीच्या वेळी देवळात गेले. आवार आरशासारखं धुऊन काढलेलं. खाली एक पाकळी नाही. मंडळाच्या पोरांनी ओट्या भरायला शिडी लावून जाळीखालची सगळी फुलं आदल्या संध्याकाळीच तोडून टोपलीत भरली होती. राहिलेली सगळी वर, जाळीच्या पलीकडे. ती गळून जाळीतच पडत होती. डोक्यावर फुलांचा खच, आणि जमिनीवर माझ्यासाठी एकही नाही.

मी वाट बघत उभी राहिले. गर्दी समोरच्या बाजूला जमत होती, तिकडे मांडव होता, कर्णा लागला होता. मी मागे, नदीकडच्या अंगाला गेले. तिकडे खोडाच्या एका खोबणीत दोन-चार फुलं पोरांच्या नजरेतून सुटलेली दिसत होती. त्यांतलं एक कधीतरी पडेल. मी त्याच्या खाली, फरशीकडे डोळे लावून उभी राहिले. समोर बायका येऊन बसू लागल्या. हिरव्या साड्या, गजरे, एकमेकींना ढोसणं, हसणं. अनघा सगळ्यांत पहिली, खोडाला पाठ टेकून ऐसपैस बसलेली. मान वळवून, खोडाच्या कडेनं माझ्याकडे बघत तिनं भुवया उडवल्या. म्हणजे, मिळालं का फूल? मी मान हलवली. नाही.

खाली बघत होते म्हणून मला मुंग्या दिसल्या. बुजवलेली चीर पुन्हा उघडली होती आणि तिच्यातून काळ्या मुंग्यांची रांग बाहेर पडत होती. प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं. घाईनं, एकीमागून एक, पारावरून उतरून नदीकडे चालल्या होत्या.

समोर कर्ण्यावर अण्णांचा आवाज आला. गुंडूनं दुधाची कळशी उचलली आणि मंत्र म्हणत बुंध्याच्या फटीत ओतायला सुरुवात केली. पांढरी धार आत जात राहिली. मग माझ्या पायाला गार लागलं. त्या चिरेतून पाणी येत होतं. काळपट, फेसाळ, आणि त्याला नासक्या दुधाचा वास होता. समोरून पांढरं आत जात होतं आणि मागून हे बाहेर येत होतं, मध्ये काहीच नसल्यासारखं.

आणि फरशी उचलली गेली. अगदी थोडी. बोटभर वर आली आणि पुन्हा बसली, झोपलेल्या माणसाची छाती हलावी तशी. वारा नव्हता. आवारातल्या तुळशीचं पानही हलत नव्हतं.

मी हात उचलून अनघाला खुणावलं. इकडे ये. तिनं मान डोलावली आणि शेजारी उभ्या असलेल्या विमलवहिनींना, अण्णांच्या पत्नीला, काहीतरी सांगितलं. त्या टोपलीतलं एक फूल घेऊन लगबगीनं माझ्याकडे आल्या.

"सूनबाई म्हणाली, तुम्हाला अजून फूल मिळालं नाही. घ्या, काकू. आज एवढं चालतंय. देवाला काय, तोडलेलं नि पडलेलं सारखंच."

फूल त्यांनी माझ्या हातात कोंबलं. मी त्यांचं मनगट धरलं आणि खाली बोट दाखवलं.

"अगं बाई, सांडलंय होय? पुसायला सांगते हं मागून." मनगट सोडवून घेऊन त्या परत गेल्या.

मी दोन्ही हात हलवले. अण्णांनी मांडवातून पाहिलं आणि हसून खूण केली, शांत व्हा, काकू, तुमच्या सुनेचाच नंबर आहे. बायकाही हसल्या. कौतुकानं हसल्या. सासू किती हौशी, असं त्यांना वाटलं असणार.

हातात फूल होतं. तोडलेलं, पण फूल. गाभाऱ्याचं दार समोरच्या अंगाला होतं, दर्शनाची रांग होती. आत जावं, हे वाहावं, तोडल्याचं पाप माझ्या माथी, आणि मग तोंड उघडावं. संकल्प निदान अर्धा तरी राहील. मी एक पाऊल टाकलंसुद्धा.

फरशी पुन्हा वर आली. या वेळी खाली बसली नाही.

गुंडूनं अनघाच्या ओटीत फूल घालायला हात पुढे केला होता. तिचा पदर पसरलेला, मान खाली. तिच्या पाठीशी ते फुलं तोडलेलं खोड. मला तापाचे ते दोन दिवस आठवले. दवाखान्यातली ती पांढरी खाट आठवली. हिरव्या पदराखालचा तिचा हात दिसला, पोटावर ठेवलेला.

"अनघा!"

तो आवाज माझा आहे हे मलाच कळायला वेळ लागला. देवळाच्या भिंतीवरून तो परत आला.

"अनघा, ऊठ! उठा सगळ्या! इकडे या, माझ्याकडे या!"

कर्णा चालू होता, अण्णा बोलत होते, ते मध्येच थांबले. गुंडूच्या हातातलं फूल पडलं. आणि सगळ्या बायका उठल्या. कुणी का म्हणून विचारलं नाही. जड अंगानं, एकमेकींचे हात धरत, पायात पाय अडकत, पार उतरून त्या माझ्याकडे आल्या. सगळ्यांचे चेहरे पांढरे पडलेले. त्यांना वाटलं, मलाच काहीतरी झालंय. अनघा सगळ्यांच्या पुढे होती.

"आई, काय झालं? आई, तुम्ही बोललात..."

अण्णा मांडवातून तरातरा निघाले होते. "काकू, हे काय आरंभलंय? भर कार्यात..."

आधी आवाज नव्हताच. फांद्या नुसत्या आभाळात सरकल्या. मग खालून, मातीतून, ओलं जाड कापड कुणीतरी हळूहळू फाडावं तसा आवाज सुरू झाला आणि थांबेचना. नदीकडची फरशी उभी राहिली. कैलासपती देवळाकडे कलला, जरा थांबला, आणि जाळी, फुलं, दिव्यांच्या माळा, सगळं घेऊन जिथे बायका बसल्या होत्या तिथे आडवा झाला.

फळं फुटत आवारभर गडगडत गेली. धूळ बसली तेव्हा मांडव नव्हता. नंदीचं एक शिंग तुटलं होतं. अण्णांच्या खांद्यावर बांबू येऊन ते गुडघ्यावर बसले होते, पण शुद्धीवर होते. बायका मोजल्या, पुन्हा मोजल्या. सगळ्या होत्या. गुंडू तुटल्या फरशीवर उभा राहून झाडाच्या बुंध्याकडे बघत होता, आणि त्याचे ओठ नुसते हलत होते.

आम्हीही पाहिलं. बुंध्याच्या पोटात माणूस बसेल एवढी पोकळी होती. मुळं काळी, हातात कुस्करतील अशी. आणि आत, तळाशी, घट्ट, पिवळट-पांढरं काहीतरी साचलेलं होतं. ते काय आहे, हे कुणाला सांगावं लागलं नाही. आम्हीच घातलं होतं. विमलवहिनींनी पदर तोंडाला लावला आणि तोंड फिरवलं.

पुढे लोकांनी बायकांना पुष्कळ विचारलं, तुम्ही इतक्या पटकन उठलात कशा? काकू काय म्हणाल्या तुम्हाला?

त्यांतली एक म्हणाली, "काय म्हणाल्या ते मला ऐकूच आलं नाही. काकू बोलल्या, म्हणून उठले."

त्या दिवशी सगळे पांगल्यावर मी गाभाऱ्यात गेले. विमलवहिनींनी दिलेलं फूल मुठीत तसंच होतं, चुरगळून त्याचा लगदा झाला होता. ते पिंडीवर ठेवलं. रोज काहीतरी मागायची सवय. त्या दिवशी शब्द सुचला नाही. संकल्प माझ्याच तोंडानं मोडला होता, आणि त्याची किंमत कोण देणार, हे मला विचारायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा मौन धरलं. आवारातल्या तगरीखाली पडलेलं फूल घेतलं आणि वाहिलं. भाद्रपद गेला. आश्विनात अनघाचे पाय सुजले, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं. मी तिच्या खोलीच्या दाराशी रात्री कितीदा उभी राहायचे, तिचा श्वास ऐकत. अण्णांनी उरलेला पार स्वतः उभं राहून उखडून काढला. हात अजून गळ्यात बांधलेला होता. देवळात समोरासमोर आलो की ते थांबून हात जोडायचे, आणि मला पळून जावंसं वाटायचं. कारण ज्या गोष्टीसाठी ते हात जोडत होते, तिचाच हिशेब अजून व्हायचा होता.

कार्तिकात, ऐन पहाटे, अनघाला कळा सुरू झाल्या. मला देवळात जायला सवड मिळाली नाही. तशीच दवाखान्यात आले. प्रसाद बाहेर येरझाऱ्या घालत होता आणि मी बाकावर बसले होते, तोंड बंद, हात मांडीवर. उजाडत होतं. आतून बराच वेळ आवाज नव्हता. मग आला. बारीक, चिडलेला, थांबून पुन्हा सुरू झालेला.

नर्सबाई दुपट्यातलं गाठोडं घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या हातात दिलं. "मुलगी झाली, आजी! घ्या."

मी घेतलं. लाल तोंड, मिटलेले डोळे. माझ्या डोळ्यांतून पाणी तिच्या दुपट्यावर पडत होतं. तोंडातून मात्र काही निघेना.

"अहो आजी, काहीतरी बोला की! आवडली नाही का नात?"

दार अर्धं उघडं होतं. आतून, खाटेवरून, अनघाचा थकलेला आवाज आला.

"त्या नाही बोलणार इतक्यात, सिस्टर. त्यांचा आवाज आम्ही जपून ठेवलाय."